हरणाऱ्या संघाला लॉटरीत झुकतं माप द्यावं का? एनएचएल ड्राफ्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कुठलं हॉकी? आणि ड्राफ्ट म्हणजे नक्की काय?

बर्फावरचं हॉकी. ध्यानचंदांचं नव्हे. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ३२ संघ आहेत. त्यातले ७ कॅनडातले, बाकीचे अमेरिकेतले. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे संघ १८ वर्षांच्या आसपासच्या नव्या खेळाडूंना आळीपाळीने निवडतात. सात फेऱ्या होतात. तळाच्या संघांना आधी निवडायला मिळतं, पण अगदी वरचे क्रमांक सोडतीने, म्हणजे लॉटरीने, ठरतात. ज्या संघाने निवडलं, त्याच्याशीच त्या मुलाने करार करायचा, दुसऱ्याशी बोलणी नाहीत. पहिला ड्राफ्ट १९६३ साली माँट्रियलमध्ये झाला.

कॅनडातल्या मराठी घरांत हा विषय बहुधा पोरांमुळे शिरतो. मार्च उजाडला, आपला संघ तळाला गेला, की शाळेतून आलेलं पोर विचारतं, "बाबा, आता आपण हरलेलंच बरं ना?" पुढचं सगळं त्या प्रश्नाभोवती आहे.

हरणाऱ्याला आधी निवडू देण्यात न्याय कसला? नापासाला बक्षीस?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो पोकळ नाही. पण ड्राफ्ट ही शाबासकी नाही, लीगचा धंदा चालू ठेवायची तजवीज आहे. तळाचा संघ वर्षानुवर्षं तळालाच राहिला तर त्या शहरात तिकिटं खपत नाहीत, आणि समोर कोणी तुल्यबळ नसेल तर वरच्या संघांनाही गल्ला मिळत नाही.

दुसरं कारण पैशाचं. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२५-२६ च्या मोसमात ती ९.५५ कोटी डॉलर होती. नव्या मुलाचा पहिला करार साधारण तीन वर्षांचा असतो आणि त्याचा मूळ पगार दहा लाख डॉलरच्या आसपास ठेवावा लागतो, बोनस वेगळा. म्हणजे भावी महान खेळाडू सुरुवातीची तीन वर्षं कवडीमोलाने मिळतो. विनिपेग किंवा बफेलोसारख्या थंड, छोट्या शहरात नावाजलेला खेळाडू आपण होऊन क्वचितच येतो. त्यांना ड्राफ्ट हाच रस्ता. त्यामुळे दुबळ्याला झुकतं माप हवं, यावर माझ्या मनात शंका नाही. किती आणि कशात, इथून खरा वाद सुरू होतो.

मग सरळ उलट्या क्रमाने निवड करायची. सोडत कशाला आली?

आधी तसंच होतं, आणि त्याचा फायदा कसा उठवला गेला ते १९८३-८४ च्या मोसमात दिसलं. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये मारियो लेमिउ येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स यांच्यात शेवटून पहिलं येण्याची शर्यत लागली. पिट्सबर्गने मार्चमध्ये आपला सर्वोत्तम बचावपटू रँडी कार्लाइल विनिपेगला देऊन टाकला. बऱ्यापैकी खेळणारा गोलकीपर रॉबर्टो रोमानो खालच्या लीगमध्ये पाठवला आणि व्हिन्सेंट ट्राम्ब्लेला वर आणलं. ट्राम्ब्लेने चार सामन्यांत २४ गोल खाल्ले. मोसम संपला तेव्हा पिट्सबर्गचे ३८ गुण, न्यू जर्सीचे ४१. तीन गुणांनी "जिंकले".

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लेमिउने १९९१ आणि १९९२ चे स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, आणले, आणि १९९८ मध्ये संघ दिवाळखोरीत निघाला तेव्हा पुढच्या वर्षी त्यानेच तो विकत घेतला. त्या एका वाईट मोसमाने एका शहरातलं हॉकी वाचवलं असं म्हणणारे आजही भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण त्यामुळेच ते उदाहरण घातक ठरलं.

नऊ वर्षांनी ओटावाची पाळी आली. १९९२-९३ चा सेनेटर्सचा संघ नवाकोरा आणि खरोखरच वाईट होता: ८४ सामन्यांत १० विजय, २४ गुण. सॅन होजेचेही २४ च. अलेक्झांडर डेगला मिळवण्यासाठी ओटावा मुद्दाम हरली असा बोभाटा झाला, मालकाच्या तोंडून नको ते निघून गेलं, लीगने चौकशी केली. मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही, पण त्या बोलण्याबद्दल एक लाख डॉलर दंड झाला. यानंतर १९९५ मध्ये लॉटरी आली.

गंमत बघा. डेग अगदीच सामान्य निघाला. दुसऱ्या क्रमांकावर हार्टफर्डने घेतलेला ख्रिस प्रॉन्गर २००० साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

सोडत काढतात कशी?

१ ते १४ आकड्यांचे चौदा चेंडू यंत्रात फिरतात, त्यातले चार निघतात. चौदातून चार निवडण्याचे १००१ प्रकार होतात. त्यातला एक बाजूला ठेवतात (तो आला तर पुन्हा काढायचं) आणि उरलेले १००० प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना, न पोहोचलेल्या १६ संघांत वाटतात. शेवटच्या संघाला १८५, म्हणजे १८.५ टक्के. त्याच्या वरच्याला १३.५, मग ११.५, ९.५ असं उतरत उतरत सोळाव्याला अर्धा टक्का. सोडत दोनदा निघते: आधी पहिल्या क्रमांकासाठी, मग दुसऱ्यासाठी. उरलेले संघ गुणतक्त्याच्या उलट्या क्रमाने.

म्हाडाच्या सोडतीसारखंच, फक्त इथे ज्याचं घर जास्त गळतं त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त.

कुठे १८.५ टक्के लिहिलेलं असतं, कुठे २५.५. खरं कोणतं?

दोन्ही. २०२२ पासून कुठलाही संघ सोडत जिंकून जास्तीत जास्त १० जागाच वर चढू शकतो. तळापासून बाराव्या ते सोळाव्या संघांपैकी कोणी पहिली सोडत जिंकली, तर तो दहा जागा चढूनही पहिला होऊ शकत नाही, आणि पहिली निवड तळाच्या संघाकडेच राहते. त्या पाच संघांचे टक्के असे: २.५, २, १.५, ०.५, ०.५. बेरीज ७. ती १८.५ मध्ये मिळवा, २५.५ झाले. म्हणजे चारातून एकदा पहिला क्रमांक मिळतो, आणि निम्म्याहून अधिक वेळा तिसरा.

२०२५ मध्ये तळापासून दहाव्या असलेल्या न्यू यॉर्क आयलँडर्सना ३.५ टक्क्यांत पहिला क्रमांक लागला आणि त्यांनी मॅथ्यू शेफर घेतला. दुसरी सोडत युटाला लागली. ते चौदावे होते, दहा जागा चढून चौथे झाले. सगळ्यात वाईट खेळलेली सॅन होजे दुसरी राहिली.

खेळाडू खरंच मुद्दाम हरतात का?

नाही. यावर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून जरा सविस्तर.

तळाच्या संघातला खेळाडू बहुधा एक-दोन वर्षांच्या करारावर असतो. त्याचा पुढचा पगार त्याच्या आजच्या गोलांवर ठरतो. आणि संघाने हरून मिळवलेला तो सोन्यासारखा पोरगा येणार कोणाच्या जागेवर? याच्याच. स्वतःची खुर्ची घालवण्यासाठी कोणी दात पाडून घेत नाही, आणि बर्फावरच्या हॉकीत दात खरोखर पडतात.

हरण्याचं नियोजन वरच्या मजल्यावर, जनरल मॅनेजरच्या खोलीत होतं. तो कोणालाही "हर" म्हणत नाही. तो फक्त जिंकू शकणारी माणसं विकतो. बफेलोचा २०१४-१५ चा मोसम याचा नमुना म्हणून बघावा. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये एक सोडून दोन हिरे होते, कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल. बफेलोचा गोलकीपर योनास एनरोथ बरा खेळत होता, त्याला फेब्रुवारीत डॅलसला पाठवलं. त्याच्या जागी मिखाल नॉयविर्थ चांगला खेळायला लागला, तर मार्चमध्ये तोही आयलँडर्सकडे गेला. गोलकीपर चांगला असणं हीच अडचण झाली होती.

मग २६ मार्च २०१५ ची रात्र. बफेलोच्याच मैदानावर अॅरिझोनाशी सामना. दोघंही तळाचे. ओव्हरटाइममध्ये अॅरिझोनाच्या सॅम गॅन्येने गोल मारला आणि बफेलोच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. घरच्या प्रेक्षकांनी, घरच्या संघावर झालेल्या गोलला. सामन्यानंतर बफेलोच्या खेळाडूंनी नाराजी लपवली नाही. त्या प्रेक्षकांना मी दोष देत नाही. नियम जसे होते तसा त्यांनी हिशेब केला. टाळ्या वाजवण्याजोगा पराभव तयार करणारा नियम मात्र नक्कीच दोषी.

बफेलो शेवटची आली, तिला २० टक्के शक्यता होती. सोडत एडमंटनला लागली, साडेअकरा टक्क्यांत.

म्हणजे शक्यता सगळ्यांना सारखी करून टाकावी?

इथे मी बऱ्याच जणांपासून वेगळा होतो. सारखी करू नये. प्लेऑफ दोन गुणांनी हुकलेल्या संघाला आणि ८० हून अधिक सामन्यांत २२ जिंकलेल्या संघाला एकाच रांगेत उभं केलं, तर ड्राफ्टचं मूळ कामच संपलं. शिवाय मग प्लेऑफच्या काठावर धडपडणारा संघ म्हणेल, प्लेऑफला जाऊन पहिल्याच फेरीत मार खाण्यापेक्षा थोडक्यात बाहेर राहिलेलं काय वाईट? हरण्याचा मोह तळातून उठून मधे येईल.

बास्केटबॉलवाल्यांनी २०१९ मध्ये तळाच्या तिन्ही संघांना सारखे १४ टक्के दिले. त्याने मुद्दाम हरणं थांबलं असं तिथलं कोणीही म्हणत नाही.

मग नेमकी मेख कुठे आहे?

टक्क्यांत नाही, हमीत आहे. लोक पहिल्या क्रमांकाच्या टक्क्यांवरून भांडतात. जनरल मॅनेजर मात्र दुसराच आकडा बघतो: वाईटात वाईट काय होईल?

१९९५ ते २०१५ या काळात तळाचा संघ सोडत हरला तरी फार तर दुसऱ्या क्रमांकावर जायचा. सुरुवातीला सोडत जिंकणारा जास्तीत जास्त चार जागा चढू शकत होता. २०१३ पासून प्लेऑफबाहेरचा कोणताही संघ थेट पहिला होऊ शकला, पण सोडत एकच होती. बफेलोने २०१५ मध्ये काय हेरलं ते आता कळेल. मॅकडेव्हिड मिळण्याची शक्यता पाचात एक, पण मॅकडेव्हिड किंवा आयकल यांपैकी एक मिळणार याची हमी शंभर टक्के. शेवटचं येण्यात धोका शून्य होता. असा सौदा समोर असताना प्रामाणिकपणाची अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे.

२०१६ पासून लीगने तीन सोडती सुरू केल्या. आता तळाचा संघ चौथ्यापर्यंत घसरू शकत होता, आणि तसं होण्याची शक्यता सुमारे निम्मी होती. २०१७ मध्ये कोलोरॅडो अवघ्या ४८ गुणांवर संपली आणि घसरून चौथी झाली. २०२० मध्ये डेट्रॉइटचं तेच झालं. ७१ सामन्यांत १७ विजय, आणि हातात चौथा क्रमांक. डेट्रॉइटवर खूप हळहळ झाली, आणि २०२१ पासून सोडती दोनवर आणल्या. आता तिसऱ्याच्या खाली घसरण नाही.

माझ्या मते ही माघार चुकीची होती. शेवटच्या संघाचे १८.५ टक्के तसेच राहू देत, वीस करा हवे तर. पण घसरण चौथ्या-पाचव्यापर्यंत मोकळी ठेवा. जो खरोखर दुबळा आहे त्याला झुकतं माप मिळतंच. जो हिशेब करून हरतो आहे, त्याच्या हिशेबात मात्र मोठं भोक पडतं.

पण खरोखर वाईट असलेल्या संघावर हा अन्याय नाही का? डेट्रॉइट काही मुद्दाम हरली नव्हती.

थोडा आहे. डेट्रॉइटच्या चाहत्याला मी हे तोंडावर सांगणार नाही. तरी चौथा क्रमांक म्हणजे वनवास नव्हे. कोलोरॅडोने चौथ्या क्रमांकावर केल मकारला घेतलं. २०२२ मध्ये त्यांनी स्टॅनली कप जिंकला तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू मकारच होता. डेट्रॉइटला लुकास रेमंड मिळाला, तोही आघाडीचा खेळाडू झाला. फ्लोरिडाने २०१३ ची सोडत हरून दुसऱ्या क्रमांकावर अलेक्झांडर बार्कोव्ह घेतला. २०२४ आणि २०२५ चे कप त्याच्या कप्तानीखाली आले.

अन्याय आणखी कमी करायचा तर एकाच मोसमाऐवजी दोन मोसमांच्या कामगिरीची बेरीज धरावी. अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगमध्ये लॉटरीसाठी हेच करतात. मार्चमध्ये दुकान रिकामं करून मिळणारा फायदा अर्धा होतो. जो दोन वर्षं खरंच रडतोय त्याला काही तोटा नाही.

पहिला क्रमांक मिळाला की कप येतोच ना?

टोरोंटोकडे बघा. २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर ऑस्टन मॅथ्यूज आला. गोलांचे ढीग रचले, पण पुढच्या नऊ मोसमांत संघाने प्लेऑफच्या दोनच मालिका जिंकल्या, २०२३ आणि २०२५ मध्ये एकेक. शेवटचा कप १९६७ चा.

एडमंटनने २०१०, २०११, २०१२ अशा सलग तीन वर्षी पहिली निवड केली: टेलर हॉल, रायन न्यूजंट-हॉपकिन्स, नेल याकुपोव्ह. मग २०१५ मध्ये मॅकडेव्हिड. सहा वर्षांत चार. तरी २०२४ आणि २०२५ दोन्ही अंतिम फेऱ्या ते फ्लोरिडाकडून हरले. एकाच संघाला इतक्यांदा लॉटरी लागू नये म्हणून आता पाच वर्षांत दोनपेक्षा जास्त वेळा सोडत जिंकता येत नाही. चांगला नियम. उशिरा आला.

बफेलोचं तर बोलूच नये. आयकल मिळाला, २०१८ मध्ये पहिल्या क्रमांकावर रास्मुस डालिन, २०२१ मध्ये ओवेन पॉवर. तरी २०१२ ते २०२५ सलग १४ मोसम प्लेऑफ नाही, हा एनएचएलचा विक्रम. आयकल भांडून वेगासला गेला आणि २०२३ मध्ये तिथे कप जिंकला. हरण्याची सवय लागलेल्या खोलीत कितीही गुणी पोर आणून बसवा, पहिली दोन-तीन वर्षं ते हरायलाच शिकतं.

हॉकीत एकटा माणूस बास्केटबॉलइतका सामना ओढूही शकत नाही. आघाडीचा उत्तम खेळाडूसुद्धा साठातली वीस-बावीस मिनिटंच बर्फावर असतो.

"गोल्ड प्लॅन" नावाचं काही ऐकलं होतं. ते काय?

अॅडम गोल्ड नावाच्या अभ्यासकाची कल्पना. प्लेऑफमधून गणिती दृष्ट्या बाद झाल्यानंतर संघ जितके गुण मिळवेल, त्यावर ड्राफ्टचा क्रम ठरवायचा. जास्त गुण, आधी निवड. वाईट संघ लवकर बाद होतो, म्हणून त्याला गुण कमवायला सामने जास्त मिळतात. झुकतं माप राहतं, पण ते जिंकून उचलावं लागतं.

व्यावसायिक महिला हॉकी लीग पीडब्ल्यूएचएलने २०२४ मध्ये पहिल्याच मोसमापासून ही पद्धत घेतली. न्यू यॉर्कने बाद झाल्यावर गुण कमावले, पहिला क्रमांक मिळवला आणि सेरा फिलियरला घेतलं. शेवटच्या आठवड्यातले सामनेही चुरशीचे होतात, प्रेक्षकाला घरच्या संघासाठी निर्धास्त ओरडता येतं. मला ही कल्पना मनापासून आवडते.

एनएचएलमध्ये मात्र ती जशीच्या तशी बसेल असं वाटत नाही. ३२ पैकी १६ संघ प्लेऑफला जातात, त्यामुळे बरेच संघ मोसमाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांपर्यंत कागदावर जिवंत असतात. मग एखाद-दुसऱ्या सामन्यावर भविष्य ठरायचं. आणि ज्या संघात खरोखर दम नाही, तो बाद झाल्यावर अचानक जिंकणार कुठून?

युरोपसारखं तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकललं तर?

स्वीडनमध्ये तसंच आहे आणि तिथे मुद्दाम हरायची कोणाची छाती होत नाही. पण अमेरिकेत संघाची जागा ही मालकाने कोट्यवधी डॉलर मोजून घेतलेली मिळकत असते. ती एका वाईट मोसमात घालवायला एकही मालक मत देणार नाही. विषय तिथेच संपतो.

त्या अठरा वर्षांच्या मुलाला कोणी विचारतं का?

नाही, आणि या सगळ्या वादात मला सर्वात खटकणारी गोष्ट हीच. देशातला सर्वोत्तम मुलगा, आणि त्याची नेमणूक बहुधा सर्वात वाईट चालवलेल्या संघात. एरिक लिंड्रोसने १९९१ मध्ये याला नकार दिला. क्यूबेक नॉर्डिक्सनी सलग तिसऱ्या वर्षी शेवटचं येऊन त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, पण त्याने त्यांची जर्सी अंगात घातली नाही. वर्षभर अडून बसला. शेवटी १९९२ मध्ये फिलाडेल्फियाने पीटर फोर्सबर्गसह अर्धा डझन खेळाडू, ड्राफ्टच्या निवडी आणि दीड कोटी डॉलर देऊन त्याला नेलं. क्यूबेकचा संघ १९९५ मध्ये कोलोरॅडोला गेला आणि १९९६ मध्ये कप जिंकला. लिंड्रोसला कधीच मिळाला नाही.

आयपीएलमध्ये किंवा आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये असा वाद का होत नाही?

तिथे लिलाव आहे. मोठ्या लिलावात सगळ्यांची थैली सारखी असते, २०२५ च्या आयपीएलसाठी ती १२० कोटींची होती. शेवटचं आल्याबद्दल कोणाला पाच कोटी जास्त मिळत नाहीत, म्हणून शेवटचं येण्यात काही हशील नाही. खेळाडूलाही बाजारभाव मिळतो. पण एनएचएलच्या मालकांना हे परवडणार नाही. नव्या पोराला स्वस्तात राबवून घेणं हाच तर ड्राफ्टमधला त्यांचा मलिदा.

सोडत फिक्स असते का?

दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. २००५ मध्ये पिट्सबर्गला सिडनी क्रॉस्बी लागला तेव्हा म्हणाले, २०२३ मध्ये शिकागोला कॉनर बेडार्ड लागला तेव्हाही म्हणाले. पुरावा कोणी दिलेला नाही. आधी चेंडू बंद खोलीत निघायचे आणि टीव्हीवर नुसती पाटी दाखवायचे, त्यामुळे संशयाला खतपाणी मिळायचं. २०२५ पासून चेंडू निघतानाच थेट दाखवायला लागले.

भारतातून बघायची तर कधी?

सोडत साधारण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असते. २०२५ ची ५ मे रोजी संध्याकाळी सातला, न्यू यॉर्कच्या वेळेनुसार, सुरू झाली. आपल्याकडे तेव्हा ६ तारखेची पहाट, साडेचार. तुमचा संघ तळाला नसेल तर उठण्यात अर्थ नाही. निकाल सकाळी चहाबरोबर वाचा.